नवी टेक्नॉलॉजी, जुनी नोकरी: न थकता अपडेट राहण्याची क्रमवार पद्धत

उडेमीवर सेल लागतो, दिवाळीच्या सुट्टीत पूर्ण करू म्हणून तीन कोर्स घेतले जातात आणि पुढचा सेल येतो तेव्हा तिन्ही पहिल्या सेक्शनमध्येच अडकलेले असतात. मग स्वतःवर चिडचिड, चौथा कोर्स, रात्री अकराला यूएस कॉल संपल्यावर लॅपटॉप पुन्हा उघडणं. असं करणाऱ्यांच्या मेहनतीत खोट नसते, क्रमात असते. कोर्स ही बरीच नंतरची पायरी आहे. आपल्याकडे ती पहिली होते.

खालची उदाहरणं जावा ही भाषा आणि तिचं स्प्रिंग हे फ्रेमवर्क यांची घेतली आहेत, कारण पुण्या-मुंबईतल्या सर्व्हिस कंपन्यांत आणि बँकांच्या प्रोजेक्टांत ते भरपूर चालतं. तुमचा स्टॅक (रोज वापरायच्या भाषा-टूलांचा संच) पायथन, डॉट नेट किंवा नोडचा असेल तरी क्रम बदलत नाही.

## टप्पा १: आधी थकवा तपासा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाशी जोडून केली. आजार म्हणून त्याची नोंद नाही. संघटनेने तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

या तिन्ही खुणा काही आठवडे टिकून असतील तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. अशा वेळी नवीन काही शिकायला घेणं म्हणजे बिघडलेल्या पोटावर श्रीखंड. आधी रजा, झोप, आणि टीम लीडशी कामाच्या ओझ्याबद्दल स्पष्ट बोलणं. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. गरज पडली तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही.

तपासा: गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त थकवा कशाने आला ते एका ओळीत लिहा. उत्तर 'ऑन-कॉल (बिघाडासाठी कधीही हजर राहण्याची पाळी)', 'रिलीजच्या रात्री' किंवा 'दोन प्रोजेक्टांत विभागलेला वेळ' असं असेल, तर त्यावर रिॲक्टची नवी आवृत्ती शिकणं हा उपाय नाही. बऱ्याच जणांचा घोळ इथेच असतो: थकवा कामाच्या ओझ्याचा, आणि खापर टेक्नॉलॉजीवर.

## टप्पा २: तुमच्या हातात खरंच काय चालतंय त्याची यादी

एक कागद किंवा एक शीट. रेझ्युमे समोर ठेवायचा नाही, रिपॉझिटरी (प्रोजेक्टचा कोड ठेवलेली जागा) उघडायची. आवृत्त्या नोंदलेल्या फाइली बघायच्या: मेव्हनची पॉम फाइल, पॅकेज जेसन, डॉकरफाइलची पहिली ओळ, सीआयची (कोड आपोआप तपासून बिल्ड करणाऱ्या यंत्रणेची) कॉन्फिग फाइल आणि डेटाबेसची आवृत्ती विचारणारी एक क्वेरी. एवढ्यात यादी तयार होते. रकाने चार: नाव, चालू आवृत्ती, मोफत पाठिंबा (म्हणजे दुरुस्त्या आणि सुरक्षेचे पॅच) कधी संपतो, आणि बदलाचा निर्णय कोणाच्या हातात आहे.

एखाद्या मध्यमवयीन प्रोजेक्टची यादी साधारण अशी दिसते:

- जावा ११: २०१८ मधली दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती. निर्णय क्लायंटच्या आर्किटेक्टचा.
- स्प्रिंग बूट २.७: मोफत पाठिंबा नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला. निर्णय टीमचा, पण बजेट मॅनेजरकडे.
- पोस्टग्रेस (डेटाबेस) १३: पाठिंबा नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला. निर्णय डीबीए (डेटाबेस सांभाळणाऱ्या) टीमचा.
- अँग्युलर (फ्रंटएंडचं फ्रेमवर्क) १५: पाठिंबा मे २०२४ मध्ये संपला. निर्णय फ्रंटएंड लीडचा.

ही यादी पाहून पोटात गोळा येणं साहजिक आहे. पण चौथा रकाना नीट बघा. चारपैकी निदान दोन गोष्टी तुमच्या हातातच नाहीत. त्यांची चिंता रात्री करून उपयोग नाही. त्यांची माहिती ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला लेखी कळवायची आणि पुढे जायचं.

सावधान: ‘दीर्घ पाठिंबा’ या शिक्क्याचा अर्थ सगळीकडे सारखा नसतो. एकाच जावा आवृत्तीला ओरॅकल, टेम्युरिन आणि ॲमेझॉन कोरेटो हे वेगवेगळे जेडीके (जावाचे मूळ संच) वेगवेगळ्या मुदतीचा पाठिंबा देतात. स्प्रिंगचा मोफत पाठिंबा आणि पैसे मोजून मिळणारा पाठिंबा यांच्या तारखाही वेगळ्या. तुमच्या सर्व्हरवर नक्की कोणाचं जेडीके आहे ते आधी बघा, मग तारीख लिहा.

## टप्पा ३: तारखा कॅलेंडरात टाका

टेक्नॉलॉजी रोज बदलते हे ऐकून ऐकून खरं वाटायला लागतं. बातम्या रोज येतात; तुमच्या यादीतल्या गोष्टी मात्र बहुतेक ठरलेल्या वेळापत्रकाने बदलतात. जावाची नवी आवृत्ती मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते. दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्त्या १७, २१ आणि २५ या २०२१, २०२३ आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आल्या, म्हणजे दोन वर्षांचं अंतर. पायथन दर ऑक्टोबरला, डॉट नेट दर नोव्हेंबरला. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा, आणि तिला पाच वर्षं पाठिंबा. कंटेनर सांभाळणारं कुबरनेटिस मात्र दमवतं: वर्षाला साधारण तीन आवृत्त्या, प्रत्येकीचा पाठिंबा सव्वा वर्षाच्या आत संपणारा.

यादीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी दोन नोंदी करा: पाठिंबा संपण्याच्या सहा महिने आधी ‘चर्चा सुरू करा’, आणि नवी दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती आल्यानंतर तीन महिन्यांनी ‘रिलीज नोट्स वाचा’. तीन महिने मुद्दाम. तोवर पहिले बग सापडून दुरुस्त होतात आणि तुमच्या लायब्ररींनाही जुळवून घ्यायला वेळ मिळतो. पहिल्याच दिवशी अपग्रेड करण्याचं बक्षीस कोणी देत नाही.

तपासा: पुढच्या बारा महिन्यांत किती नोंदी झाल्या? सहा-आठ झाल्या असतील तर बरोबर. वीस-पंचवीस झाल्या असतील तर यादीत तुम्ही न वापरलेल्या गोष्टी घुसल्या आहेत. काढून टाका.

## टप्पा ४: बातम्यांची नळी अरुंद करा

आता फोन. लिंक्डइनवर रोज कोणीतरी ‘अमुक संपलं’ असं जाहीर करतो. यूट्यूबवर लाल बाण असलेली थंबनेल. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्या तरी पॅकेजचा स्क्रीनशॉट. यातून माहिती फार थोडी मिळते आणि आपण मागे पडलो ही भावना भरपूर.

ठेवायचं एवढंच: तुमच्या यादीतल्या गोष्टींचे अधिकृत ब्लॉग किंवा रिलीजचे फीड, आठवड्यातून एकदा येणारं एक न्यूजलेटर, आणि वर्षातून दोनदा थॉटवर्क्स या सॉफ्टवेअर कंपनीचा टेक्नॉलॉजी रडार (काय वापरावं, काय टाळावं याचा आढावा). वाचायची वेळ एकच ठेवा, शुक्रवारी दुपारी जेवणानंतर अर्धा तास वगैरे. बाकीच्या नोटिफिकेशन बंद.

वाचताना प्रत्येक गोष्टीवर तीनपैकी एक शेरा मारा: ‘आत्ता’, ‘या तिमाहीत’ किंवा ‘नाव ठाऊक असलं की पुरे’. प्रामाणिकपणे मारलात तर दहातल्या आठ गोष्टी तिसऱ्या शेऱ्यात जातील. बन, डीनो, एचटीएमएक्स ही जावास्क्रिप्टच्या जगातली नावं बॅकएंडवाल्याला ओळखता आली आणि ती कशासाठी आहेत ते एका वाक्यात सांगता आलं की झालं.

सावधान: सुरक्षेच्या सूचना या चाळणीतून जात नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावातल्या लॉगिंग लायब्ररीतलं भगदाड उघड झालं तेव्हा शुक्रवारची वाट बघून चाललं नसतं. पण म्हणून अशा बातम्यांसाठी तुम्ही चोवीस तास डोळे लावून बसायचं नाही. डिपेंडाबॉटसारखं लायब्ररींचं स्वयंचलित स्कॅनिंग लावा आणि त्याची सूचना टीमच्या चॅनेलवर जाऊ द्या. एकट्याच्या खिशातल्या फोनवर टीमची सुरक्षा टांगून ठेवणं हा थकव्याचा हमखास रस्ता आहे.

## टप्पा ५: तिमाहीला एक विषय

एकच. दोन घेतले की दोन्ही अर्धवट. निवडताना या क्रमाने बघा:

1. टप्पा २ च्या यादीत काही मुदत संपत आलेलं आणि तुमच्या हातातलं आहे का? असेल तर विषय ठरला.
2. नसेल तर, गेल्या तीन महिन्यांत कोणत्या प्रकारच्या बगने सर्वांत जास्त वेळ खाल्ला? स्लो क्वेरी असेल तर इंडेक्स आणि क्वेरी प्लॅन वाचायला शिका. फ्रेमवर्क येतील-जातील, एसक्यूएल, एचटीटीपी आणि लिनक्स तुमच्या निवृत्तीपर्यंत पुरतील.
3. तेही नसेल, किंवा नोकरी बदलायची असेल, तर तुम्हाला खरोखर हव्या असलेल्या पदाच्या दहा जाहिराती एकत्र वाचा. सहा-सात ठिकाणी जे येतं आणि तुम्हाला येत नाही, तो विषय. एकाच जाहिरातीतल्या पंधरा नावांना घाबरू नका. त्यातली निम्मी एचआरने जुन्या जाहिरातीतून उचललेली असतात.

एआय टूलांचं काय, हा प्रश्न आता प्रत्येक चर्चेत येतो. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, तेव्हापासून मॉडेलांची नावं आणि क्रमांक काही महिन्यांत बदलत आले आहेत. प्रत्येक नव्या मॉडेलमागे धावण्यात अर्थ नाही. कंपनीने मंजूर केलेलं एक टूल घ्या आणि एका तिमाहीचा विषय म्हणून तेच नीट शिका: काम लहान तुकड्यांत कसं सांगायचं, आधी टेस्ट लिहून मग कोड कसा मागायचा, आलेला बदल ओळ न ओळ कसा तपासायचा. मॉडेल बदललं तरी हे हाताशी राहतं.

सावधान: क्लायंटचा कोड वैयक्तिक अकाउंटवरच्या चॅटमध्ये पेस्ट करू नका. बहुतेक करारांत तो सरळ भंग ठरतो. आधी कंपनीचं धोरण वाचा.

## टप्पा ६: वेळ ऑफिसच्या तासांत मागा

‘रोज सकाळी एक तास’ हा संकल्प हिंजवडीचा प्रवास आणि रात्रीचे कॉल यांच्यामध्ये आठवडाभरही टिकत नाही. त्याऐवजी आठवड्यात दीड-दीड तासाचे दोन तुकडे, आणि त्यातला निदान एक ऑफिसच्या वेळेत. तो मिळवायचा तर ‘मला शिकायला वेळ हवा’ असं मागू नका. कामाच्या तिकिटाला जोडून मागा. लीडला पाठवायचा मेसेज असा:

“आपलं स्प्रिंग बूट २.७ चं मोफत सपोर्ट संपलंय. ३ वर जायला काय काय मोडेल ते बघायला या स्प्रिंटमध्ये सहा तासांचा स्पाइक घेऊ का? शेवटी एक पानी नोट आणि अंदाज देतो.”

स्पाइक म्हणजे ठरावीक वेळेपुरती चाचपणी. या मेसेजमध्ये मुदत आहे, तासांची मर्यादा आहे आणि लीडला वर दाखवता येईल असा कागद आहे. नकार आला तर पुढच्या प्लॅनिंगला पुन्हा मांडा, आणि मागणी लेखी राहू द्या. मार्चमध्ये अप्रेझलच्या वेळी ती कामाला येते.

घरी मूल लहान आहे, आई-वडिलांचं आजारपण आहे, किंवा प्रोजेक्ट रिलीजच्या तोंडावर आहे, अशा तिमाहीत विषय घेऊच नका. टप्पा ३ मधलं कॅलेंडर तुमच्या जागी लक्ष ठेवून आहे. एक तिमाही सोडल्याने कोणी कालबाह्य होत नाही.

## टप्पा ७: शिकण्याचा क्रम

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून बघू. क्रम असा: रिलीज नोट्स, मग मायग्रेशन गाइड, मग छोटा प्रयोग, मग मोजणी, मग मुद्दाम मोडून बघणं. कोर्स किंवा व्हिडिओ लागलाच तर प्रयोगात अडल्यावर, आणि तेवढाच भाग.

मायग्रेशन गाइड आधी का, त्याचं एक उदाहरण. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. त्याला किमान जावा १७ लागतं, आणि त्यात जावाएक्सने सुरू होणारी अनेक पॅकेजं जकार्ता नावाखाली गेली. गाइड न वाचता बसणारा माणूस संपूर्ण प्रोजेक्टात ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ असं फाइंड-रिप्लेस मारतो आणि शेकडो एरर घेऊन बसतो. कारण जावाएक्स एसक्यूएल आणि जावाएक्स क्रिप्टो ही जेडीकेचीच पॅकेजं आहेत. ती होती तिथेच आहेत. बदलली ती पर्सिस्टन्स, सर्व्हलेट, व्हॅलिडेशन वगैरे. आधी २.७ च्या शेवटच्या पॅचवर जा, मग जावा १७ वर तेच चालवा, टेस्ट हिरव्या झाल्या की मग ३. तिन्ही एका कमिटमध्ये केलं तर काय कशाने मोडलं ते कळत नाही. पॅकेजांची नावं बदलायला ओपनरीराइट या कोड बदलणाऱ्या टूलच्या तयार रेसिपी आहेत, हाताने बसू नका.

आता प्रयोगाचं उदाहरण. जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (एका वेळी हजारोंनी चालवता येणारे हलके थ्रेड) पक्के झाले आणि स्प्रिंग बूट ३.२ पासून ते एका सेटिंगने चालू होतात. व्हिडिओ बघून ‘ॲप फास्ट होतं’ एवढं कळतं. स्वतः करून बघा:

1. एक एंडपॉइंट बनवा, जो फक्त एक सेकंद थांबून उत्तर देतो. जेमीटर या लोड टेस्टिंग टूलने एकदम १,००० रिक्वेस्ट मारा. टॉमकॅट या वेब सर्व्हरचे मुळातले कमाल थ्रेड २००, म्हणजे सगळं उरकायला साधारण पाच सेकंद. व्हर्च्युअल थ्रेड चालू केले की सव्वा-दीड सेकंदाच्या आसपास. इथपर्यंत व्हिडिओ बरोबर.
2. आता दुसरा एंडपॉइंट, जो डेटाबेसमध्ये एक सेकंद चालणारी क्वेरी मारतो. पोस्टग्रेसचं स्लीप फंक्शन वापरा. हिकारी पूलमध्ये (डेटाबेसची कनेक्शन तयार ठेवणाऱ्या लायब्ररीत) मुळात १० कनेक्शन असतात. म्हणजे सेकंदाला १० क्वेरी, आणि १,००० ला १०० सेकंद. व्हर्च्युअल थ्रेडने यात काडीचा फरक पडत नाही.
3. आता एरर मोजा. जेमीटरचा टाइमआउट मोठा ठेवा. जुन्या पद्धतीत एका वेळी २०० थ्रेडच कनेक्शनसाठी रांगेत उभे राहतात, त्यामुळे कोणालाही साधारण २० सेकंदांपेक्षा जास्त थांबावं लागत नाही. हिकारीची मुळातली मर्यादा ३० सेकंदांची, म्हणून सगळ्या रिक्वेस्ट रखडत का होईना पार पडतात. व्हर्च्युअल थ्रेडवर हजारच्या हजार एकदम रांगेत येतात; ३० सेकंदांत तीनशेच्या आसपास पार पडतात आणि उरलेल्यांना कनेक्शन टाइमआउट.

म्हणजे ‘फास्ट’ करणाऱ्या सेटिंगने चालणारी सिस्टीम पाडली. दोनशे थ्रेड ही मर्यादा नकळत डेटाबेसचं रक्षण करत होती, हे तिसरी पायरी केल्याशिवाय कळत नाही. उपाय सेमाफोरने (एका वेळी किती जण आत जातील ते ठरवणारं कुलूप) किंवा रेट लिमिटने डेटाबेसकडे जाणारी गर्दी रोखण्याचा. पूल वाढवायचा असेल तर डीबीएशी बोलून. जाता जाता: जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड ब्लॉकच्या आत अडकलेला व्हर्च्युअल थ्रेड खालचा खरा थ्रेडही अडवून ठेवतो. मार्च २०२५ च्या जावा २४ मध्ये हे सुधारलं. तुम्ही २१ वर असाल तर जुन्या लायब्ररी या नजरेने तपासा.

दोन-तीन बैठकांचं काम आहे हे, आणि इंटरव्ह्यूमध्ये व्हर्च्युअल थ्रेडवर कोणी विचारलं तर पाठ केलेल्या व्याख्येऐवजी सांगायला आकडे असतात.

सावधान: असे प्रयोग स्वतःच्या मशीनवर, डॉकरमधल्या डेटाबेसवर. टीमच्या सामायिक टेस्ट वातावरणावर लोड मारलात तर क्यूएवाल्यांच्या शिव्या ठरलेल्या.

तपासा: ‘हे कधी वापरू नये?’ याचं उत्तर एका वाक्यात देता येतं का? येत नसेल तर मोडून बघण्याची पायरी राहिली आहे. येत असेल तर विषय संपला; ‘ॲडव्हान्स्ड’ कोर्स शोधू नका.

## टप्पा ८: अर्धं पान लिहा, पंधरा मिनिटं दाखवा

काय करून बघितलं, आकडे काय आले, कुठे मोडलं, आपल्या प्रोजेक्टला लागू आहे का. चार परिच्छेद, टीमच्या विकीवर. मग एखाद्या गुरुवारी पंधरा मिनिटांचा डेमो, स्लाइडशिवाय. टीममध्ये सहा जण असतील आणि प्रत्येकाने तिमाहीला एक विषय असा मांडला, तर वर्षाला चोवीस विषय कानावरून जातात आणि प्रत्येकाला खोदायचे असतात फक्त चार. एकट्याने सगळ्या क्षेत्रात पुढे राहायचा हट्ट सुटतो तो इथे.

## टप्पा ९: तिमाहीअखेरीस झाडाझडती

अर्ध्या तासात उरकतं. टप्पा २ ची यादी पुन्हा उघडा, आवृत्त्या बदलल्या असतील तर दुरुस्त करा. ‘नंतर वाचू’ म्हणून साठवलेल्या लिंकांपैकी तीन महिन्यांत ज्यांना हात लागला नाही त्या न उघडता पुसा. महत्त्वाचं असेल ते पुन्हा समोर येतं. अर्धवट कोर्स लायब्ररीतून लपवा, पैसे तर गेलेच आहेत.

मग टप्पा १ मधल्या तीन खुणा पुन्हा तपासा. त्यातली एकही असेल तर पुढच्या तिमाहीचा रकाना कोरा सोडा आणि लीडला पाठवायचा मेसेज शिकण्याबद्दल न लिहिता ऑन-कॉलच्या पाळ्यांबद्दल लिहा.